प्रशिक्षक, संचालक आणि प्राध्यापक

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयांत पूर्वी संघाचा प्रशिक्षकच क्रीडा संचालकही असे, असे ऐकले आहे. अशा व्यक्तीची गणना शिक्षकांत होत असे, की ती केवळ सामने जिंकून देण्यासाठी नेमलेली असे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सर्वत्र एकच रीत नव्हती, पण शिक्षकाचा दर्जा मिळाल्याने काय साधते, हे अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग यांच्या कारकिर्दीवरून उत्तम समजते. येल विद्यापीठात खेळाडू म्हणून नाव मिळवलेल्या स्टॅग यांना धर्मोपदेशक व्हायचे होते. मात्र वक्तृत्व आपल्याला साधणार नाही, असे वाटल्याने ते स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत गेले. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तेथे त्यांचे सहकारी होते. मार्च १८९२ मधील पहिल्या जाहीर बास्केटबॉल सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले, तेव्हा शिक्षकांचा तो एकमेव गोल स्टॅग यांनी केला होता.

त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून, सहयोगी प्राध्यापकाच्या कायम पदावर नेमले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण एखादा हंगाम वाईट गेला म्हणून ज्याची नोकरी जात नाही, तोच प्रशिक्षक मुलांच्या घडणीकडे निश्चिंतपणे लक्ष देऊ शकतो. स्टॅग यांनी अमेरिकन फुटबॉलबरोबर बेसबॉल आणि मैदानी खेळांचेही प्रशिक्षण दिले, आणि संचालक या नात्याने विभागाचा कारभारही पाहिला. १९०५ मध्ये त्यांच्या फुटबॉल संघाने मिशिगनला २-० असे नमवून अपराजित राहण्याचा मान मिळवला.

मात्र इतके अधिकार एकाच हाती असणे पुढे विद्यापीठाला नकोसे झाले असावे. वयाच्या सत्तरीत, १९३२ च्या हंगामानंतर, त्यांना सक्तीने निवृत्त व्हावे लागले, आणि त्यांच्यामागे संचालक व फुटबॉल प्रशिक्षक अशा दोन स्वतंत्र व्यक्ती नेमल्या गेल्या; आज मोठ्या विद्यापीठांतून हीच पद्धत रूढ आहे. १९३९ मध्ये शिकागोने स्पर्धात्मक फुटबॉलच बंद केला.

स्टॅग यांनी मात्र मैदान सोडले नाही. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये त्यांनी १९३३ ते १९४६ या काळात फुटबॉल शिकवला, आणि १९४३ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, ते वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.