वाचकांचे प्रश्न : कुओमो यांचा १९९४ मधील पराभव

प्रश्न : न्यूयॉर्क राज्याचे डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर मारिओ कुओमो सलग तीनदा निवडून आले होते आणि वक्ते म्हणून त्यांचा अमेरिकाभर लौकिक होता. तरीही १९९४ मध्ये जॉर्ज पटाकी या फारशा परिचित नसलेल्या राज्य सिनेटरने त्यांना हरवले. देहदंडाला असलेला विरोध कुओमोंना भोवला, असे वाचले. ते खरे आहे का?

उत्तर : काही अंशी खरे आहे, पण तेवढ्याने निकाल उलगडत नाही. देहदंड परत आणणारी विधेयके कुओमो पहिल्या कारकिर्दीपासून नकाराधिकार वापरून फेटाळत होते आणि तरीही १९८६ मध्ये त्यांना जवळपास ६५ टक्के मते पडली. भूमिका तीच राहिली. पुढच्या काळात राज्याची आर्थिक स्थिती मात्र पालटली. मंदीने रोजगार गेले आणि करांचा बोजा, विशेषतः राज्याच्या उत्तर व पश्चिम भागात, लोकांना खुपू लागला.

खरे तर धोक्याची घंटा १९९० मध्येच वाजली होती. त्या वर्षी विरोधी मते रिपब्लिकन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन पक्षांच्या उमेदवारांत जवळजवळ निम्मी-निम्मी वाटली गेली, म्हणून ५३ टक्क्यांच्या आसपास मते मिळवूनही कुओमोंचा विजय दणदणीत दिसला. न्यूयॉर्कमध्ये एकाच उमेदवाराला अनेक पक्ष आपली उमेदवारी देऊ शकतात. १९९४ मध्ये हे दोन्ही पक्ष पटाकींच्या मागे उभे राहिले आणि पटाकींनी आयकरात २५ टक्के कपातीचे आश्वासन दिले.

ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्क शहराचे रिपब्लिकन महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून कुओमोंना पाठिंबा जाहीर केला. त्यामुळे शहरात कुओमोंचे बळ वाढले असेल. पण बाहेरच्या मतदाराला त्यात शहराच्या फायद्याचा सौदा दिसला आणि तो चिडून मतदानाला उतरला. आमच्या मते ही मदत अंगाशी आली. मतदानाच्या दिवशी देशभर डेमोक्रॅटिक पक्षाविरुद्ध लाट होती. टेक्सासमध्ये गव्हर्नर ॲन रिचर्ड्सही जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडून हरल्या. ते पाहता कुओमोंचा सुमारे पावणेदोन लाख मतांनी झालेला पराभव निसटताच म्हणावा लागेल.

देहदंडाचा कायदा पटाकींनी १९९५ मध्ये सही करून आणला. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि तोवर त्याखाली एकाही कैद्याला देहदंड दिला गेला नव्हता.