पाणी घातलं आणि नत्र वाढलं

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. सहामाहीत ७१ टक्के मिळाले. कॉलेजच्या प्रदर्शनात तिनं मातीत सेन्सर रोवून, मशीन लर्निंग वापरून कुठलं पीक घ्यावं हे सांगणारा प्रकल्प केला. अचूकता ९९ टक्के आली, पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या वडिलांच्या शेतात लावून पाहिलं तेव्हा त्यानं कॉफी सुचवली आणि वडील हसले, तेवढं सोडलं तर सगळं उत्तम. तिनं एआयमध्ये इंजिनिअरिंग करावं आणि याचंच ॲप काढावं असं मला वाटतं. मार्क कमी पडले तर एक वर्ष ड्रॉप घेऊ. ती मात्र कृषीला जाईन म्हणते. शेतीतून बाहेर पडायला मी २० वर्षं झिजलो, आता तिनं पुन्हा मातीत हात घालायचे का? अहवाल सोबत जोडला आहे. शेवटच्या पानाकडे दुर्लक्ष करावं. सेन्सरमध्ये थोडा बिघाड होता, तो परीक्षकांपुढे काढू नकोस असं मी तिला बजावलं होतं. पेटंट आणि ॲपसाठी आतापासून काय करावं?
– एक पालक

उत्तर :

नमस्कार. शेवटच्या पानाकडे दुर्लक्ष करा म्हणालात, म्हणून मी तेच आधी उघडलं.

बाकीचा अहवाल छापील आहे, हे एकच पान वहीतलं. पेन्सिलीनं आखलेला तक्ता आहे. सकाळी ७.१० ला, पाणी घालण्याआधी : नत्र (नायट्रोजन) २४, स्फुरद (फॉस्फरस) १७, पालाश (पोटॅशियम) ४९. सव्वाआठला, तांब्याभर पाणी घातल्यावर : नत्र ७१, स्फुरद ५०, पालाश १४६. खाली तिनं लिहिलंय, ‘खत घातलं नाही. मग नत्र आलं कुठून?’ आणि त्याखाली, पुन्हा विचार करून लिहिल्यासारखं : ‘तिन्ही एकदम तिपटीनं कसे वाढले?’

तुम्ही याला बिघाड म्हणता. सेन्सर बिघडलेला नव्हता. तो जसा बनवलाय तसाच चालला होता. मातीत काड्या खुपसून नत्र-स्फुरद-पालाश दाखवणारी जी स्वस्त उपकरणं बाजारात मिळतात, त्यातली बहुतेक ही तीन अन्नद्रव्यं वेगवेगळी मोजतच नाहीत. ती मातीतून वीज किती सहज वाहते ते मोजतात आणि त्या एका आकड्याला ठरीव गुणक लावून तीन आकडे दाखवतात. ओल वाढली की वीज सहज वाहते, की तिन्ही आकडे सोबत चढतात. प्रयोगशाळेत या तिघांसाठी तीन वेगळ्या वाटा आहेत. स्फुरद द्रावणात उतरवून त्याचा निळा रंग किती गडद येतो ते बघतात, पालाशासाठी फ्लेम फोटोमीटरची ज्योत लागते, नत्रासाठी ऊर्ध्वपातन करावं लागतं. मूळ आकडा एकच असावा, ही शंका तुमच्या १७ वर्षांच्या लेकीला कुणी न सांगता, पेन्सिल आणि तांब्याच्या जोरावर आली. प्रदर्शनात बक्षीस मिळालं ते छापील अहवालाला. माझ्या मते बक्षिसाच्या लायकीचं पान हे होतं, आणि ते तुम्ही तिला लपवायला लावलंत.

इथं मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचंय, कारण ७१ टक्क्यांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. तुमच्या पत्रात मुलगी काय म्हणाली याचं एकच वाक्य आहे, तेही तक्रारीच्या सुरात. बाकी सगळीकडे तुम्ही आहात : तुमचं ॲप, तुमचं पेटंट, तुमची २० वर्षं. एखाद्या मुलीनं प्रामाणिकपणे टिपलेली विसंगती झाकायला आपण शिकवतो, तेव्हा पुढच्या वेळी ती टिपायचीच नाही असंही ती शिकते. मोजमापाच्या कुठल्याही क्षेत्रात हा गुण मोडला की माणूस कामातून गेला. पदवी एआयची असो नाही तर कृषीची, त्यानं फरक पडत नाही. तुमचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पोरीचं हसं होऊ नये म्हणून तुम्ही बोलला असाल. पण आज संध्याकाळी तिला एवढं सांगा की ते पान लपवायला लावलं हे चुकलं. नेमके हेच शब्द वापरा. मार्गदर्शन त्यानंतर.

आता त्या ९९ टक्क्यांविषयी. या आकड्यानं मी किती घरांत भ्रम पसरलेला पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अहवालात २,२०० ओळी आणि २२ पिकं असं दिलंय. हा कॅगल या आकडेवारीच्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट मिळणारा संच आहे आणि देशभरातल्या कॉलेजांमधले असे असंख्य प्रकल्प त्याच्यावरच उभे राहतात. त्यात प्रत्येक पिकाच्या बरोबर १०० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत सात आकडे : नत्र, स्फुरद, पालाश, तापमान, आर्द्रता, सामू (पीएच), पाऊस. शेत कुठलं, साल कोणतं, उत्पादन किती आलं, माल काय भावानं गेला, यातलं काही नाही. पिकांचे गठ्ठेही एकमेकांपासून इतके सुटे आहेत की नुसता पालाशाचा आकडा पाहिला तरी द्राक्ष आणि सफरचंद बाकीच्या २० पिकांतून बाजूला काढता येतात. अशा संचातल्या काही ओळी झाकून ठेवायच्या आणि मॉडेलला ओळखायला लावायच्या, तर ९९ टक्के येणारच. त्याचा अर्थ इतकाच की मॉडेलला त्या संचातले गठ्ठे ओळखता येतात. शेतकऱ्यानं काय पेरावं हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही. आणखी एक गोष्ट. तुमच्या वडिलांच्या शेतात सोयाबीन आहे, असं अहवालात लिहिलंय. त्या २२ पिकांच्या यादीत सोयाबीन नाही. ज्वारी नाही, गहू नाही, ऊस नाही, कांदाही नाही. सेन्सर कितीही चांगला असता तरी ते मॉडेल ‘सोयाबीन’ म्हणूच शकत नव्हतं. दिलेल्या २२ पैकी काहीतरी एक सांगणं त्याला भाग होतं, त्यानं कॉफी सांगितली.

तुमचे वडील हसले, तुम्हाला ते टोचलं. पण ते हसले म्हणजे त्यांनी मॉडेल तपासलं. कॉफीचं झाड फळाला यायला तीन-चार वर्षं लागतात, त्याला सावली लागते, तोडणीला मजूर लागतात, माल घेणारा कुणीतरी जवळ लागतो. तोवर घर कशावर चालवायचं? पीक निवडताना शेतकरी माती बघतोच, पण विहिरीला फेब्रुवारीत किती पाणी राहील, गेल्या वर्षी त्याच रानात काय होतं, कर्ज कधी फेडायचंय, जनावरांना कडबा लागेल का, हेही त्याच दमात बघतो. सगळ्या शिवारानं एकच पीक धरलं तर भाव पडेल, हेही त्याला कळतं. शंभर शेतकऱ्यांना एकाच दिवशी एकच पीक सुचवणाऱ्या ॲपला ते कळत नाही. मुलीनं आजोबांजवळ बसून हे प्रश्न लिहून काढले असते, तर प्रकल्पाचा सगळ्यात भक्कम भाग तोच झाला असता. कदाचित तिच्या हे लक्षातही आलं असेल. कृषीला जाईन असं ती उगाच म्हणत नसावी.

मशीन लर्निंगचा शेतीत उपयोग नाही, असा याचा अर्थ काढू नका. उपयोग आहे, प्रश्न नेमका विचारला तर. २०१६ मध्ये आंध्र प्रदेशच्या कुर्नूल जिल्ह्यात इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि मायक्रोसॉफ्टनं १७५ भुईमूग उत्पादकांसोबत एक प्रयोग केला. काय पेरावं हे त्यांनी सांगितलंच नाही. पावसाच्या जुन्या नोंदी आणि हवामानाचा अंदाज यांवरून पेरणी कधी करावी तेवढं साध्या एसएमएसनं कळवलं. शेतात एकही सेन्सर बसवला नव्हता. प्रश्न छोटा होता, शेतकऱ्याला आधीपासून पडलेला होता, आणि उत्तर चुकतंय का हे त्याच हंगामात कळण्यासारखं होतं. या क्षेत्रात जे टिकतं ते बहुतेक असंच असतं.

मातीत हात घालण्याबद्दल. तुमची २० वर्षं मी हलक्यात घेत नाही. शेतीतून बाहेर पडलेल्या माणसाला लेकरू परत तिकडे वळताना पाहून पोटात गोळा येतो, हे समजू शकतो. पण ती कर्ज काढून कोरडवाहू शेती करणार नाहीये. मोजायचं कसं, हे तिला शिकायचंय. आणि मोजमाप करणाऱ्याचे हात मातीत गेल्यावाचून गत्यंतर नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की सेन्सरच्या काड्यांभोवती हवेची फट पडते, आणि आत ओल असूनही यंत्र कोरडं दाखवतं. हे पडद्यावर दिसत नाही. काडी उपसून, वाकून बघावं लागतं.

मार्ग नेहमीचेच : एमएचटी-सीईटीतून राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांचं बी.टेक. कृषी अभियांत्रिकी किंवा बी.एस्सी. कृषी, सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) जागा, आणि जेईई ॲडव्हान्स्ड जमलीच तर आयआयटी खरगपूरचा कृषी व अन्न अभियांत्रिकी विभाग.

माझं मत विचाराल तर गणित बरं असेल तर कृषी अभियांत्रिकी. सेन्सर, पाणी, यंत्रं आणि आकडेमोड एका छताखाली मिळतात. मातीच्या रसायनाकडे ओढा दिसला तर बी.एस्सी. कृषी आणि पुढे मृदाशास्त्रात एम.एस्सी. संख्याशास्त्राची पदवी हा तिसरा पर्याय, आणि तो मी मनापासून सुचवतो. शेतीच्या आकडेवारीत नमुना कसा घ्यावा, एकाच शेताच्या ओळी मॉडेलच्या शिकण्यात आणि त्याच्या परीक्षेत दोन्हीकडे येऊ नयेत म्हणून काय करावं, हे कळणारी माणसं फार लागतात. एआयची पदवी वाईट नाही. पण प्रोग्रामिंग ती सुट्टीत शिकू शकेल, हंगाम मात्र सुट्टीत शिकता येत नाही. वर्षाला एकच खरीप येतो. चार वर्षांत चारच खरीप बघायला मिळतात, आणि ते शेताजवळ राहूनच बघावे लागतात.

ड्रॉप घेऊ नका. जी शाखा तिला नकोय तिच्यासाठी एक वर्ष खर्ची घालणं मला मुळीच पटत नाही.

पेटंटचा विषय सोडून द्या. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये शेतीची पद्धत आणि नुसता अल्गोरिदम ही दोन्ही पेटंट न मिळणाऱ्या गोष्टींत येतात. ॲपचा विचार तर आजच थांबवा. जे मॉडेल तुमच्या घरच्या शेतात चुकलं ते दुसऱ्याच्या रानाला विकायचं नाही. आठवीतल्या मुलाला सरावाचं ॲप चुकीचं उत्तर देतं तेव्हा एक गणित जातं. इथं एका घराचं वर्ष जातं.

आता पुढचं तिच्यासाठी, तिलाच वाचायला द्या.

बाळ, तुझी शंका रास्त आहे. ती अशी तपास. दोन कुंड्यांत तीच माती सारखी भर, रोप लावू नकोस. दोन्हींत सारखंच शुद्ध पाणी घाल, डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम, फक्त एका कुंडीच्या पाण्यात चमचाभर मीठ विरघळव. मिठात नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ नाहीतच. तरी मिठाच्या कुंडीत तिन्ही आकडे चढले तर तुझा सेन्सर काय मोजतो हे तुला कळेल. मग आजोबांच्या शेतातून आठ-दहा ठिकाणची माती घे. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून कडेचा थर खरवडायचा, सगळा एकत्र मिसळायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. तो नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत दे आणि त्यांचे आकडे तुझ्या आकड्यांशेजारी लिही. ओलीची खात्री करायची असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओव्हन मागून घे : ओली माती तोल, १०५ अंशांवर २४ तास वाळव, पुन्हा तोल. ओल मोजणाऱ्या सगळ्या सेन्सरांची परीक्षा याच पद्धतीनं होते. आणि आजोबांना विचार, यंदा त्यांनी सोयाबीनच का घेतलं. ते सांगतील तेवढं सगळं लिहून घे, मध्ये बोलू नकोस.

मिठाच्या कुंडीचे आकडे आले की मला कळव. त्या वेळी पत्र तू लिही, आणि तक्ता पेन्सिलीनंच आख.