सापाच्या पेटीचे झाकण

प्रश्न : आमच्याकडे काचेच्या पेटीत वर्षभराचा कॉर्न स्नेक आहे. पेटीला जाळीचे सुटे झाकण असून त्यावर आम्ही दोन जाड पुस्तके ठेवतो. तरीही एका सकाळी झाकणाचा एक कोपरा उचललेला आणि सापाचे डोके बाहेर आलेले दिसले. पेटीतील दिव्याची वायरही त्याच कोपऱ्यातून आत जाते. कडेने चिकटपट्टी लावली तर चालेल का?

उत्तर : चिकटपट्टी लावू नये, आतल्या बाजूने तर मुळीच नाही. उष्णतेने आणि दमटपणाने तिची पकड सुटते, मोकळे झालेले टोक सापाच्या अंगाला चिकटते आणि ते ओढून काढताना खवल्यांसह कातडीही सोलली जाते. तसे झालेच, तर पट्टी न ओढता खाद्यतेल लावून ती हळूहळू सोडवावी.

पुस्तकांचाही फारसा भरवसा नाही. त्यांचा भार झाकणाच्या मध्यावर राहतो आणि साप जोर लावतो तो कोपऱ्यात. दोन काचा मिळतात तेथे अंग टेकवून तो उभा होतो आणि जेथे किंचित हालचाल जाणवते तेथे नाकाने पुन्हा पुन्हा रेटत राहतो. शिवाय जाळी खचली, तर पुस्तके आत सापावरच पडायची. वजनाऐवजी पेटीच्या काठाला धरून ठेवणारे चाप चारही कोपऱ्यांजवळ बसवावेत आणि पेटी लांब असेल तर लांब बाजूंच्या मध्यावरही लावावेत. ते बसवल्यावर प्रत्येक कोपरा खालून बोटाने जोरात ढकलून पाहावा, कारण डोके मावेल अशा फटीतून सापाचे उरलेले अंगही बहुधा निघते. लहान मुले असतील, तर कुलपाची सोय असलेले झाकण अधिक बरे.

वायरीसाठी चौकटीला तिच्या जाडीइतकीच खाच पाडून तीत रबरी कडे बसवावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दिवा पेटीबाहेर, जाळीच्या वर टांगणे. मग थर्मोस्टॅटची (तापमान नियंत्रित ठेवणाऱ्या उपकरणाची) बारीक तारच काय ती आत न्यावी लागते. मात्र दिव्याखालची जाळी धातूचीच हवी, प्लॅस्टिकची जाळी उष्णतेने मऊ पडते. धातूची जाळीही तापते, त्यामुळे सापाला चढून तिला टेकता येईल अशी फांदी त्या जागेखाली ठेवू नये. दमटपणा टिकवण्यासाठी जाळीचा काही भाग झाकण्यास हरकत नाही, पण दिव्याखालचा भाग उघडा असावा आणि हवा खेळती राहावी.

जाळी बारीक विणीची असावी आणि तिची कापलेली टोके चौकटीत दडलेली असावीत. झाकण पक्के केल्यावरही साप रोज रेटत राहिला, तर पेटीतील तापमान आणि लपायच्या जागा तपासाव्यात. नाकाजवळचे खवले झिजलेले किंवा लालसर दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवावे.