विंडोजवाल्यांना नाही म्हणायचं का?

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम बनवतो. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे, कोड सगळ्यांना खुला, पैसे कोणाकडून घेत नाही. आम्ही चौघेही विंडोजऐवजी उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, वाचनालयांत मात्र सगळीकडे विंडोज. ऑफिस सुटल्यावर रात्री बसलो की नवीन काही करायचं राहूनच जातं, विंडोजच्या तक्रारी निस्तरण्यात वेळ जातो. आमच्यातला एक म्हणतो, “फुकट देऊन राहिलो ना आपण? त्यांनी उबंटू टाकावं, नाहीतर राहू द्यावं.” मला हे पटत नाही. पण आमच्यापैकी कोणाकडे विंडोजचा संगणकही नाही. काय करावं?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या मित्राचा वैताग मला कळतो, पण त्याचं म्हणणं मला मान्य नाही. हा प्रोग्राम तुम्ही लिहिलात कोणासाठी? महाल, कामठी, हिंगण्याकडच्या वाचनालयांत संध्याकाळी काही तास बसणाऱ्या ग्रंथपालांसाठी. त्यांच्यासमोरचा संगणक बहुतेकदा कोणीतरी देणगी दिलेला असतो. विंडोज त्यात आधीपासून, मराठी टायपिंगचा हात त्यावरच बसलेला, प्रिंटरही त्यालाच जोडलेला. कार्यकारी मंडळाला विचारल्याशिवाय त्यांना त्यात काही बदलता येत नाही. त्यांना ‘उबंटू टाका’ सांगणं म्हणजे ‘आमचा प्रोग्राम वापरू नका’ सांगणं.

मी नोकरी सांभाळून, धरमपेठेतल्या घरूनच, एका खुल्या मराठी सॉफ्टवेअरची विंडोजची बाजू बघते. तक्रारी वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय. ज्याला आपण ‘विंडोजची कटकट’ म्हणतो, त्यातलं बरंचसं आपल्याच कोडमध्ये असतं, फक्त उबंटूवर ते दिसत नाही.

पुस्तकांची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये, काढण्याचंच घ्या. ग्रंथपाल फाइलवर दोनदा क्लिक करतात, ती एक्सेलमध्ये उघडते आणि मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात. तुमच्याकडचं लिब्रेऑफिस, म्हणजे एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर, फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) विचारतं, म्हणून तुम्हाला हे कधी कळतच नाही. फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. त्याने फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेल मराठी नीट वाचतं. एन्कोडिंग दिलंच नसेल, तर कित्येक संगणकांवर पायथॉन विंडोजचं जुनं रोमन कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, धरून चालतं आणि पहिल्याच मराठी अक्षराला ‘चारमॅप’ची एरर देऊन थांबतं. यादीत एक ओळ सोडून एक ओळ रिकामी येत असेल, तर फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामं अवतरण द्यायचं राहिलंय. आणि तीच यादी एक्सेलमध्ये उघडी असताना पुन्हा काढायला गेलं, तर विंडोज लिहू देत नाही. तिथे इंग्रजी एररऐवजी ‘यादी एक्सेलमध्ये उघडी आहे, आधी बंद करा’ एवढं मराठीत दाखवा. त्या एका वाक्याने तुमचे कितीतरी फोन वाचतील.

आता विंडोज कोणाकडेच नसण्याबद्दल. खरी अडचण ही आहे. तुमचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर सर्वांना खुला असेल, तर तिथली विंडोजची यंत्रं चाचण्यांसाठी फुकट मिळतात. प्रत्येक बदलानंतर चाचण्या तिथे चालवा, सेटअप फाइलही तिथेच बनवा. पण प्रिंटरवर पावती कशी येते, अँटिव्हायरस काय अडवतो, हे त्या यंत्रावर कळायचं नाही. त्याला माणूसच लागतो.

तो माणूस तक्रार करणाऱ्यांतच शोधा. जे ग्रंथपाल एररचा फोटो काढून, ‘आधी हे दाबलं, मग हे झालं’ असं सविस्तर लिहून पाठवतात, त्यांना सरळ फोन करा आणि विचारा, “नवी आवृत्ती काढायच्या आधी तुम्ही तपासून द्याल का?” त्यांना पायथॉन यायची गरज नाही. प्रोग्राममध्ये तुमच्या चौघांच्या नावांखाली त्यांचंही नाव घाला, कारण हे काम कोड लिहिण्याइतकंच मोलाचं आहे. जिंपसारखा चित्रं संपादनाचा मोठा खुला प्रकल्प विंडोजवर आला तो टोर लिलक्विस्ट या प्रोग्रामरनी ते काम अंगावर घेतलं म्हणून. आपल्या आपण होत नाही ते.

सेटअप चालवताना येणारी निळी चौकट मला फार खटकते. ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ असं दिसलं की ‘मोअर इन्फो’ दाबून पुढे जा, असं आपण फोनवर सांगतो. म्हणजे धोक्याची सूचना डावलायची सवय आपणच लावतो. उद्या खरा व्हायरस आला तर? डिजिटल सहीचं प्रमाणपत्र विकत घेणं तुम्हाला परवडणार नाही, पण साइनपाथ फाउंडेशन अटींत बसणाऱ्या मुक्तस्रोत, म्हणजे खुल्या कोडच्या, प्रकल्पांना सही मोफत देतं. तिथे अर्ज करा. सही झाल्याबरोबर चौकट जाईलच असं नाही, नव्या फाइलवर विंडोजचा विश्वास बसायला वेळ लागतो. पण फाइल तुमचीच आहे आणि मधे कोणी हात लावलेला नाही, हे तरी तपासता येतं.

मर्यादाही ठरवा आणि ती डाउनलोडच्या पानावर मराठीत लिहा. विंडोज ७ ला सरळ नाही म्हणा. त्यावर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८, त्याचीही देखभाल २०२४ मध्ये थांबली. विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली, पण गावोगावचे संगणक एवढ्यात बदलणार नाहीत. म्हणून माझ्या मते १० आणि ११ दोन्ही धरा. तक्रारींसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठेवा, बाकीच्या संध्याकाळी नव्या कामाला. उबंटूचा आग्रह धरणाऱ्या मित्राला यात ओढू नका, त्याला त्याच्या आवडीचं काम करू द्या.

आणि पुढची आवृत्ती काढण्याआधी विंडोजवर देवनागरी नावाचं एक लोकल खातं उघडून त्यात प्रोग्राम चालवून बघायला सांगा. युजरच्या फोल्डरचं नाव मराठीत आलं की काय काय अडतं, ते तिथे लगेच दिसेल.