‘अज्ञात’, ‘अनामिक’ की ‘निनावी’?

केळापूर तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, कोलाम आदिवासींच्या पोडावरून (वस्तीवरून) आणलेल्या बांबूच्या टोपल्या आणि सुपे त्यांनी शाळेच्या संग्रहात मांडली असून, त्यांच्या पाटीवर ‘अज्ञात कारागीर’ लिहावे, ‘अनामिक’ की ‘निनावी’?

‘निनावी’ येथे मुळीच बसत नाही, कारण निनावी पत्र लिहिणारा स्वतःच आपले नाव लपवतो आणि टोपली विणणारीने तसे काही केलेले नाही. ‘अनामिक’ म्हणजे ज्याला नावच नाही असे. म्हणून करंगळीशेजारचे बोट अनामिका ठरते आणि ज्या हुरहुरीला नाव देता येत नाही ती अनामिक हुरहूर होते. हा शब्द कानाला गोड लागतो, परंतु ज्या बाईला आईबापांनी नाव ठेवले, पोडावर ज्या नावाने सगळे हाक मारतात, तिला तो लावणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला ‘अज्ञात’, आणि खरी अडचण याच शब्दाची आहे. ‘अज्ञात’ म्हणजे न जाणलेले. पण कोणी न जाणलेले, हे तो सांगत नाही. पांडवांचा अज्ञातवास आठवावा (आपल्याकडे चिखलदऱ्याची दरी कीचकवधाशी जोडली जाते): ते कौरवांना अज्ञात होते, द्रौपदीला नव्हे. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात ‘कारागीर अज्ञात’ अशी पाटी असलेल्या टोपलीपुढे मी एका कोलाम आजींसोबत उभा होतो. पाटी वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “कोनं केली म्हन्ता? माह्या आत्यानं. ते डावखोरी होती, काठ कसा उलटा फिरला पाहा.” काठाची वीण खरोखरच शेजारच्या टोपल्यांच्या उलट दिशेने गेली होती. आजींना ठाऊक होते. पाटी लिहिणाऱ्यांनी विचारले नव्हते, इतकेच.

वैनगंगेकाठी मार्कंडा येथील देवळांवर ज्यांनी मूर्ती कोरल्या, त्यांना ‘अज्ञात शिल्पी’ म्हणणे योग्य आहे, कारण त्यांची नावे काळाच्या ओघात गेली आणि आज सांगणारे कोणी उरले नाही. नाव हरवणे आणि नाव न विचारणे या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की दुसरीतील दोष झाकला जातो.

नाव विचारल्याने भाषेतही किती फरक पडतो, याचे उदाहरण मध्य प्रदेशातील पाटनगढचे चित्रकार जनगढसिंह श्याम यांचे आहे. भोपाळचे भारत भवन हे कलाकेंद्र १९८२ साली सुरू झाले, त्या सुमारास त्यांची चित्रे त्यांच्या नावानिशी लोकांपुढे आली. ज्या शैलीला सर्रास ‘गोंड चित्रकला’ म्हटले जाते (ते स्वतः गोंडांमधील परधान समाजाचे होते, हेही त्या नावात लोपते), तिला पुढे ‘जनगढ कलम’ (कलम म्हणजे चित्रशैली) असेही नाव मिळाले. ‘पहाडी कलम’ म्हणताना ‘कलम’ या शब्दाआधी प्रदेशाचे नाव येते. येथे त्या जागी एका परधान चित्रकाराचे नाव आले.

तेव्हा माझे मत असे की, पाटी लिहिण्याआधी शिक्षकांनी वस्तू घेऊन पोडावर जावे, तेथे विचारावे आणि जिचे नाव आहे तिची संमती घेऊन ते पाटीवर लिहावे. कोणी सांगू शकले नाही, तर ‘वस्तू घेताना करणाऱ्याचे नाव नोंदवले नाही’ असे सरळ वाक्य लिहावे आणि त्याखाली पोडाचे नाव व वस्तू आणल्याचे साल द्यावे.