साहेबांना नेमकं काय सांगायचं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ड्रॉइंगचं काम करतो. वय 29. गेल्या वर्षी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. साहेब शॉपफ्लोअरवर चालता चालता चार कामं सांगतात, मशिनच्या आवाजात मला दोनच कळतात. परत विचारलं की म्हणतात, 'लक्ष कुठं असतं तुझं?' निदान सांगून टाकू का?

निदानाचं नंतर बघू, आधी अडचण सांगा. 'मी स्वमग्न आहे' एवढ्यावर साहेबांना काय करायचं ते कळणार नाही. बऱ्याच जणांना त्या शब्दानं फक्त लहान मुलंच आठवतात. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, शांत जागी, असं म्हणा : 'साहेब, आवाजात तोंडी सांगितलेलं माझ्याकडून सुटतं. ड्रॉइंग नंबर, काम आणि कधीपर्यंत, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाल का?' बोलताना अडखळायला होत असेल तर हेच लिहून पाठवा. ते विसरले, तर जागेवर परतल्या परतल्या तुम्ही मेसेज करा : 'आधी हे, मग हे, बरोबर ना?' आणि हे मागताना 'सॉरी' म्हणू नका. काम नीट व्हावं म्हणूनच मागताय.

बसायची जागा किंवा वेळ कायमची बदलून हवी असेल, तेव्हा मात्र एचआरला निदान लेखी कळवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नता आहे. या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी काय सोयी करणार ते, जाहीर करायचं असतं. त्याची प्रत मागून घ्या.

प्रश्न : मी स्वमग्न आहे. भांडण झालं की मला शब्दच फुटत नाहीत. नवरा म्हणतो, 'तोंडाला कुलूप लावून बसतेस.' (राजारामपुरी)

ताण हाताबाहेर गेला की अनेक स्वमग्न माणसांची वाचा थांबते. हा अबोला नव्हे, हे त्यांना भांडण नसताना सांगा. दोघांनी एक वाक्य ठरवून फोनमध्ये ठेवा : 'आत्ता बोलता येत नाही, नऊ वाजता बोलू.' मात्र नऊ म्हणजे नऊ. तुम्ही ती वेळ पाळलीत तरच त्यांचा विश्वास बसेल.

हे वाचत असतील तर यजमानांनाही सांगते : एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मला ते पूर्ण पटतं. सगळी जुळवाजुळव बायकोनंच का करायची?

प्रश्न : निदानाच्या कागदावर सरकारी नोकरीत आरक्षण मिळतं का?

नुसत्या कागदावर नाही. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी यूडीआयडी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करा. तपासणीला जाताना लहानपणच्या सवयी सांगू शकेल असं घरातलं कुणीतरी सोबत न्या.