घरी शहाणा, शाळेत रोज तक्रार

"मॅडम, घरी तो असा नाहीच हो. शाळेतून मात्र रोज काहीतरी येतं. डॉक्टरांना दाखवायचं का?"

पहिलीतल्या मुलांच्या आया हा प्रश्न साधारण दिवाळीच्या आसपास घेऊन येतात. तोवर डायरीत लाल शेरे साचलेले असतात. अशाच एका मुलाची हकीकत सांगते. आईवडिलांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

'जागेवर बसत नाही.' 'शेजारच्याला ढकलले.' 'वर्गपाठ अपूर्ण.' एवढ्यावरून नातेवाइकांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं, निदान करूनही टाकलं होतं. आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान, डोळे, झोप हे सगळं पाहून घेतलं. तिथे काही निघालं नाही. एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं किमान सहा महिने आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. याची घरी, आजोळी, चित्रकलेच्या क्लासला कुठेच तक्रार नव्हती. म्हणून मी शाळेची परवानगी काढून वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्याच्या बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरतो; इथे पन्नासच्या वर मुलं होती. पण त्या तासात याचं नाव जेव्हा जेव्हा निघालं, तेव्हा 'खाली बस', 'हात आवर', 'पुन्हा तूच का?' यासाठीच. मध्येच त्याने वहीत काढलेला ट्रॅक्टर बाईंना दिसावा म्हणून वही उंच धरली. बाई फळ्यावर लिहीत होत्या. थोडा वेळ हात तसाच वर राहिला, मग वही खाली आली आणि लगेच शेजारच्याचा कंपास जमिनीवर. आता बाई वळल्या.

अशा वेळी मला रॉबर्ट पियांटा यांचं काम फार उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ. सुरुवातीला ते विशेष शिक्षक होते. शिक्षक आणि मूल यांच्या नात्यात जवळीक किती, संघर्ष किती, अवलंबन किती, हे पाहणारी 28 विधानांची प्रश्नावली त्यांनी तयार केली. ती शिक्षकांनीच भरायची असते. 2001 मध्ये ब्रिजेट हॅमरे आणि पियांटा यांनी 179 मुलांचा बालवाडीपासून आठवीपर्यंतचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीत शिक्षकांशी नातं ताणलेलं असलेल्या मुलांच्या अभ्यासातल्या आणि वागण्यातल्या अडचणी पुढच्या वर्षांतही जास्त दिसल्या, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि आधीच वागण्याच्या तक्रारी असलेल्या मुलांमध्ये. यातून नातं हेच कारण, असं सिद्ध होत नाही. तरी शेरे लिहिताना कुणी बघत नाही ती बाजू हा अभ्यास समोर आणतो.

पियांटांचीच एक पद्धत आहे, 'बँकिंग टाइम'. शिक्षकाने त्या एका मुलाला आठवड्यातून काही वेळा दहा-पंधरा मिनिटं द्यायची. काय करायचं ते मूल ठरवणार. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, सारखे प्रश्न विचारायचे नाहीत. जे दिसतंय ते फक्त बोलायचं. आणि ही वेळ बक्षीस नाही, म्हणून शिक्षा म्हणून काढूनही घ्यायची नाही.

बाईंचा आक्षेप रास्त होता. "ढकलाढकली करणाऱ्यालाच जास्त वेळ दिला, तर बाकीची मुलं काय शिकतील?" मी म्हटलं, ढकललं तर नियमाप्रमाणे जे होतं ते होऊ दे, पण ही दहा मिनिटं त्यात ओढायची नाहीत. मधल्या सुट्टीचा शेवटचा भाग ठरला. मातीकाम. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीने विचारलं, "हा कुठला रंग?" तो गप्प झाला. नंतर त्या नुसतं म्हणाल्या, "तू मागचं चाक मोठं केलंस." त्यावर त्याने मामाच्या ट्रॅक्टरबद्दल सगळं सांगितलं, अगदी डिझेल कुठून भरतात तेही.

बदल एकदम झाला नाही. सुरुवातीला तो वर्गातही बाईंना जास्त चिकटू लागला, ते बाईंना जड गेलं. मग ढकलणं कमी होत गेलं. जागेवरून उठणं अजून आहे. त्यासाठी वह्या वाटायचं काम त्याच्याकडे दिलंय. आईलाही एक बदल सांगितला होता: शाळेतून आल्या आल्या "आज काय केलंस?" ही उलटतपासणी बंद.

तुमच्याकडेही अशी डायरी येत असेल, तर शाळेत भांडायला जाऊ नका आणि घरी मुलाला बोलू नका. बाईंना वेळ मागून घ्या आणि दोनच गोष्टी विचारा: तो नेमका कुठल्या वेळी बिघडतो, आणि वर्गात त्याचं कशात मन लागतं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर तिथून सुरुवात करा. घरीदारी सगळीकडेच तीच तक्रार असेल, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, बोलणं किंवा झोप बदलली असेल, तर मात्र थांबू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.